नापास व्हायला निघालेली बाटली

पाण्यातलं मला कळतं. स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हणून नाक मुरडू नका; दुसरं कुणी सांगत नाही म्हणून मला सांगावं लागतं. नळाला पाणी आलं की आमच्या इमारतीतले लोक बादल्या लावतात, मी आधी ग्लास उजेडात धरून बघतो. ऑफिसात नवा कूलर आला तेव्हा सगळे प्यायला धावले आणि मी त्याच्या मागची जाळी काढून आत डोकावलो. तेव्हापासून मला सगळे प्रोफेसर म्हणतात. मी कुठल्याच कॉलेजात शिकवत नाही, विमा कंपनीत लोकांच्या क्लेममधल्या चुका शोधतो. पण लोक कौतुकाने म्हणत असतील तर आपण कशाला अडवा? ते कौतुकाने म्हणत नाहीत, हे मला बायकोने फार उशिरा सांगितलं.

तर आमच्या गल्लीतला पिण्याच्या पाण्याचा पाइप लोखंडी आहे, जुना आहे आणि गटाराला खेटून गेलाय. पाणी चालू असतं तेव्हा तो बाहेर गळतो. पाणी बंद झालं की त्याच भोकांतून तो बाहेरचं आत ओढतो. बाहेर काय आहे ते आत्ताच सांगितलं. म्हणून सकाळचं पहिलं पाणी लालसर येतं आणि त्याला ओल्या मोज्यासारखा वास येतो. पुढे ते निवळतं आणि लोक म्हणतात, झालं स्वच्छ. अहो, माणूस आजारी पडतो तो दिसणाऱ्या लाल रंगाने नाही, न दिसणाऱ्या जंतूंनी. हे मी जिन्यात, लिफ्टमध्ये, एकदा तर एका तेराव्याच्या घरीसुद्धा समजावून सांगितलंय.

वरच्या मजल्यांवर आम्ही सगळ्यांनी पाणी शुद्ध करायची मशीनं लावली आहेत. ताईकडे नाही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तळमजल्यावर एका खोलीत राहते आणि शाळेचे गणवेश शिवते. मशीन घेऊन देतो म्हटलं की म्हणते, "चांगलं पाणी द्यायचं काम त्यांचं की माझं?" यावर मी दर वेळी विषय बदलायचो.

गेल्या वर्षी तिला टायफॉईड झाला. चांगलाच झाला. डॉक्टरांनी तिला घरी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांची आतडी फार नाजूक झाली आहेत. हे पुन्हा व्हायला नको." तेव्हापासून ताई पाण्याचा थेंब न् थेंब उकळून घ्यायची. प्यायचं उकळलेलं, भाजी धुवायची उकळलेल्याने, चूळसुद्धा उकळलेल्याची. दिवसभर शेगडीवर पातेलं आणि ताईचा एक डोळा त्याच्यावर, दुसरा सुईवर. एवढं करूनही कधीतरी गॅस संपायचा, कधी पातेलं निवायच्या आत तहान लागायची, आणि मग ती कोरड्या तोंडाने शिवणयंत्र चालवत बसायची.

"ताई, तुला मी नवा पाइप आणून देतो," मी एक दिवस जाहीर केलं.

"खांद्यावर टाकून आणणार का?" ताई म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत आशा दिसली, आणि मला तेवढं पुरतं.

पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांनी मला खरंच आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर गल्ल्यांचा नकाशा होता आणि नकाशावर चहाचा कप.

"यंदा एकाच गल्लीला नवा पाइप देता येईल," ते म्हणाले. "तुमच्या किंवा तुमच्या मागच्या. दोन्हीकडचं पाणी तपासू. जिथलं जास्त खराब निघेल, तिथे खोदू."

"म्हणजे जो नापास होईल तो पास?"

"तसं समजा."

"साहेब, आमच्यासारखं घाण पाणी तुम्हाला दुसरीकडे शोधून सापडणार नाही," मी इतक्या अभिमानाने म्हणालो की दारातला शिपाई वळून बघायला लागला.

नमुना घ्यायला खात्याकडे माणूस नव्हता. त्यांनी मलाच एक निर्जंतुक बाटली दिली, झाकणावर कागद बांधलेली, आणि सोबत सूचनांचं पत्रक. बाटली धुवायची नाही. तोंडाला बोट लावायचं नाही. नळाचं तोंड जाळाने शेकायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, मग भरायचं. भरल्यावर थंड ठेवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. हे सगळं मला आधीपासून माहीत असल्यासारखी मान हलवत मी पत्रक वरवर चाळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी ताईकडे हजर. तिच्याच सांडशीत स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा धरला आणि पेटवला.

"हे काय चाललंय?" ताईने शिवणयंत्र थांबवलं.

"नळाच्या तोंडाला जंतू असतात. ते मारतोय."

"पण आपल्याला जंतू हवेत ना? नापास व्हायचंय म्हणालास."

"पाइपातले हवेत. नळाचे नकोत."

"असू देत की थोडे जास्त. कमी पडले तर?"

"ताई, हे शास्त्र आहे. यात वशिला चालत नाही."

एवढं बोलून मी जाळ नळाला लावला. आता, ताईचा नळ वरून चांदीसारखा चकचकीत होता. आतून तो प्लॅस्टिकचा होता. पत्रकात 'नळ धातूचा असल्यास' असं ठळक छापलेलं मी नंतर वाचलं. नळाने आधी मान खाली घातली, मग थोडा वळला, आणि मग सगळाच निखळून मोरीत पडला. मागून पाण्याची जी धार सुटली ती सरळ खोली ओलांडून समोरच्या गठ्ठ्यावर. गठ्ठा पांढऱ्या शर्टांचा होता. पाणी सकाळचं पहिलं, म्हणजे लाल होतं.

मी बाटली तेवढी डोक्यावर धरून वाचवली. ताई ओरडली नाही. ती ओरडत नाही, नुसती कामाला लागते, आणि ते आपल्याला जास्त लागतं. तिने शर्ट उचलून पलंगावर टाकले, भोकात फडकं कोंबलं आणि म्हणाली, "प्लंबरला बोलव आणि तू ऑफिसला जा. कृपा कर."

प्लंबर आला. त्याने वितळलेला नळ हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पाना काढला. मी नखशिखांत भिजलो होतो. कपडे बदलायला वर जाण्याआधी ताईला बजावून सांगितलं, की लोखंडी नळ बसला की पाणी जरा वाहू दे, बाटली भर, कागद बांध आणि वर फ्रिजमध्ये ठेवायला दे. ताईने सगळं तंतोतंत केलं. नळ बसल्यावर तिचा ऑफिसात फोन आला, "भरली रे. पाइप हलल्याने अजून चहासारखं लाल आलंय."

"उत्तम," मी म्हणालो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं मला बढती मिळाली.

आता आमच्या फ्रिजबद्दल सांगायला हवं. फ्रिजच्या दारावर माझ्या हातचा एक कागद चिकटवलेला आहे: 'जो बाटली रिकामी करील त्याने ती ताबडतोब भरून ठेवावी.' हा कागद मी सासऱ्यांसाठी लावला होता. ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले होते आणि दिवसभर गार पाणी पिऊन रिकाम्या बाटल्या दारात उभ्या करून ठेवायचे. एक-दोनदा मी चिडलो. एकदा पाहुण्यांसमोर चिडलो. सासऱ्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. आयुष्य पार्सल ऑफिसात गेलेला माणूस. नियम म्हटला की नियम. त्या दिवसापासून आमच्या फ्रिजमध्ये रिकामी बाटली कधी दिसली नाही.

बायको औषधांच्या दुकानात दुपारच्या पाळीला जाते. तिने जाताना ताईकडून बाटली घेतली, फ्रिजच्या दारात ठेवली आणि मला फोन केला, "बाबांना तुम्ही सांगा. मला उशीर होतोय."

मी सांगितलं. ऑफिसातून फोन करून मी सासऱ्यांना पाण्याचे नमुने का घेतात, कसे घेतात, जंतू आतड्यातून पाण्यात कसे येतात, पाण्यातून आतड्यात परत कसे जातात, क्लोरीन पाइपाच्या टोकापर्यंत का पोचत नाही, हे सगळं सविस्तर सांगितलं. बाटलीला हात लावू नका हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवलं होतं, कारण महत्त्वाचं वाक्य शेवटी बोललं की लक्षात राहतं. ते मी बोललोही. पलीकडून काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, ऐकून अवाक झाले.

दुपारी अर्धी रजा टाकून मी घरी आलो. सासरे डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आरामखुर्चीत झोपले होते. फ्रिजच्या दारात बाटली जागेवर होती, कागद व्यवस्थित बांधलेला, गाठसुद्धा बघण्यासारखी. मी ती उजेडात धरली. पाणी आरशासारखं नितळ होतं.

एखादा साधा माणूस इथे थबकला असता. सकाळी चहासारखं लाल होतं ते आता नितळ कसं, असं त्याने विचारलं असतं. पण मला पाण्यातलं कळतं ना. मी म्हटलं, गाळ खाली बसला. मग बघितलं तर तळाशीही काही नव्हतं. मी म्हटलं, मग तो विरघळला. बर्फाच्या पिशवीत बाटली घातली आणि प्रयोगशाळेत नेऊन दिली, वर सही केली की हा नमुना आमच्याच गल्लीचा, मीच आणला.

काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "तुमचं पाणी एक नंबर निघालं."

"एक नंबर खराब?"

"एक नंबर स्वच्छ. एक जंतू नाही. इतका चांगला नमुना मी नोकरीत बघितला नाही."

"साहेब, काहीतरी चुकतंय."

"बाटली तुम्हीच आणलीत ना?"

"हो."

"सही तुमचीच?"

"हो, पण..."

"मागच्या गल्लीचं मात्र भयंकर आहे. त्यांचा पाइप मंजूर झाला." आणि त्यांनी अहवालाची एक प्रत माझ्या हातात ठेवली, वर पेढे आणलेत का असं बघितलं.

रस्ताभर मला ताईचा चेहरा दिसत होता. तिला काय सांगायचं? पण इमारतीच्या दारातच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांनी माझ्या हातातून अहवाल घेतला, वाचला, आणि मला चक्क मिठी मारली. त्यांना त्यांचा फ्लॅट विकायचा होता आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पाण्याचं विचारून परत जायचं. तासाभरात अहवालाची प्रत लिफ्टमध्ये चिकटली. लोक मला जिन्यात थांबवून बोलायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "प्रोफेसर, तुमच्यामुळे कळलं हो, आपलं पाणी किती चांगलं आहे ते."

माणसाला सत्याची चाड असते, पण कौतुकाची जास्त असते. दोन मजले चढेपर्यंत माझं मत बदललं होतं. प्रयोगशाळा खोटं कशाला सांगेल? शास्त्र ते शास्त्र. पाइप जुना असेल, पण जुनं म्हणजे वाईट असं थोडंच आहे? सकाळचं लाल म्हणजे नुसता गंज असणार. मी वरून खाली परत आलो आणि ताईच्या दारात उभा राहिलो.

"पाइप नाही मिळाला," मी म्हणालो. "पण त्याहून चांगली बातमी आहे. आपलं पाणी स्वच्छ आहे. आता उकळत बसू नकोस."

ताईने अहवाल हातात घेऊन नीट वाचला. "अरे, पण नळातून लाल येतं ते?"

"लोखंड. ते पोटात गेलेलं चांगलंच."

"आणि वास?"

"पाइपाचा. जंतूंना वास नसतो."

हे खरं आहे. जंतूंना वास नसतो. मी त्या दिवशी जे जे बोललो त्यातलं निम्मं खरंच होतं, म्हणून तर ते इतकं वाईट ठरलं.

"नक्की ना?" ताईने विचारलं. "तू सांगतोस म्हणून हो."

"ताई, सहीनिशी लिहून दिलंय त्यांनी."

तिने शेगडीवरचं पातेलं उतरवून पालथं घातलं. मला अजून तो आवाज आठवतो. मग ती यंत्रावर बसली आणि म्हणाली, "बरं झालं बाबा. शाळेची ऑर्डर वेळेत होईल आता." इतकी मोकळी मी तिला वर्षभरात बघितली नव्हती.

इकडे वर, बाटली दिली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सासऱ्यांचं पोट बिघडलं होतं. साधं नाही, पार खुर्चीतून उठवेना इतकं. मी त्यांना बाहेरच्या खाण्यावर व्याख्यान दिलं. ते म्हणाले, "मी डोळ्याला पट्टी बांधून बाहेर कुठे जाणार?" मी म्हटलं, "तेच तर, दिसत नसताना कुठे काय खाल्लंत कोण जाणे." अहवाल आला तरी त्यांचं पोट धड नव्हतं, म्हणून डॉक्टरांना बोलावलं. तेच, ताईवर उपचार केलेले.

"पाणी कुठलं पितात?" डॉक्टरांचा पहिला प्रश्न.

मी अहवाल पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "मग पाण्याचा प्रश्न नाही. खाण्यातलं असेल." आणि सासऱ्यांना पेजेवर ठेवलं. ते बिचारे पेज पीत माझ्याकडे एका डोळ्याने बघत बसायचे.

सासरे बरे झाले, आणि ताई आजारी पडली. ताप यायचा, उतरायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. तरी ती शर्टांना बटणं लावत बसलेली. मी डॉक्टरांना घेऊन आलो.

"पाणी उकळून पिताय ना?" त्यांनी ताईला विचारलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा अहवाल काढला. तो मी तेव्हा खिशातच ठेवायचो.

"हां, हा बघितलाय मी," डॉक्टर म्हणाले. "मग साधा व्हायरल असेल. गोळ्या देतो, थोडे दिवस बघू."

बघितलं. ताप हटला नाही. ताईने अंथरूण धरलं, शर्ट तसेच पडून राहिले, आणि मी रोज ऑफिसातून येऊन तिला सांगायचो की भरपूर पाणी पी, तापात पाणी पोटात गेलं पाहिजे. ती प्यायची. माझं ऐकायची ती.

एका रविवारी सकाळी मी फ्रिज उघडला तर दारात रिकामी बाटली. ताईच्या काळजीने डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. मी सासऱ्यांवर ओरडलो, "अहो, वाचता येत नाही का? रिकामी केली की भरून ठेवायची."

"ती बाबांनी नाही, मी ठेवली," बायको आतून म्हणाली. पण सासऱ्यांचा बांध फुटला होता.

"जावईबापू, मी तुमचा नियम एकदाही मोडलेला नाही," ते आरामखुर्चीतून उठून उभे राहिले. "पट्टी बांधलेली असताना नाही मोडला. त्या कागद बांधलेल्या बाटलीतलं प्यायलो, तेव्हा तीसुद्धा भरून ठेवली."

"कुठल्या बाटलीतलं?"

"तुम्ही फोनवर पाण्याचं लावलं होतं ना, त्या दिवशी. ऐकून ऐकून माझ्या घशाला कोरड पडली. फोन टेबलावर ठेवला आणि फ्रिज चाचपडला, तर नवीनच बाटली हाताला लागली. चव जरा गंजासारखी होती, पण म्हटलं, जावयाच्या घरी कशाला नावं ठेवा? संपवली, मशीनच्या पाण्याने तोंडोतोंड भरली आणि कागदही होता तसा बांधला. आयुष्यभर पार्सलं बांधली मी. गाठ बघितलीत ना?"

बघितली होती. कौतुकानेच बघितली होती.

मी तिथेच जमिनीवर बसलो. प्रयोगशाळेने आमच्या मशीनचं पाणी तपासलं होतं. आमच्या गल्लीचं पाणी तपासलं होतं ते सासऱ्यांच्या पोटाने, आणि त्याचा निकाल दुसऱ्याच दिवशी लागला होता. तो निकाल मीच वाचू दिला नाही. डॉक्टरांनाही नाही.

"उठा," बायको म्हणाली. "आधी डॉक्टरांकडे पळा. स्वतःला दोष देत नंतर बसा."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. टायफॉईडच होता. "हे आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. ताईला त्याच दिवशी हॉस्पिटलात भरती केलं. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून बसली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं, नळापासून गाठीपर्यंत. तिने डोळे मिटूनच ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे मी उकळत होते तेच बरोबर होतं?"

"हो ताई."

तिने माझ्या खांद्यावरचं डोकं काढून रिक्षाच्या दांडीला टेकवलं.

सोमवारी मी पाणीपुरवठा खात्यात गेलो.

"साहेब, ती बाटली आमच्या गल्लीची नव्हती."

"मग कुठली?"

"आमच्या घरच्या मशीनची."

"म्हणजे तुम्ही खात्याला फसवलंत?"

"मी नाही. माझ्या सासऱ्यांनी पाणी बदललं."

"सासऱ्यांनी खात्याला फसवलं?"

"नाही हो. त्यांनी फक्त नियम पाळला."

"मग तक्रार काय आहे तुमची?"

"आमचं पाणी खराब आहे, ही तक्रार आहे. माझी बहीण हॉस्पिटलात आहे."

साहेबांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मग ते म्हणाले, "बघा, खराब पाण्याची तक्रार मी लगेच घेतली असती. पण कागदावर तुमचं पाणी आमच्याकडचं सगळ्यात स्वच्छ. स्वच्छ पाण्याची तक्रार मी कुठल्या फायलीत ठेवू? पुढच्या वर्षी नमुने घेऊ तेव्हा या. बाटली मात्र जपून आणा."

परत येताना मागच्या गल्लीवरून आलो. तिथे खोदकाम जोरात चाललं होतं. निळे, जाड, नवेकोरे पाइप रस्त्याकडेला ओळीने लावले होते. खड्डा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता आणि तिथून वळून पलीकडे गेला होता. त्या गल्लीतले लोक खड्ड्याभोवती उभे राहून हसत होते. नापास झालेली सुखी माणसं.

घरी आल्यावर मी लिफ्टमधला अहवाल फाडला. दुसऱ्या दिवशी तिथे नवी प्रत होती, जाड प्लॅस्टिकमध्ये घातलेली आणि चारही कोपऱ्यांना स्क्रू मारलेली. मी सेक्रेटरींच्या घरी गेलो.

"तुमच्या ताईंचं ऐकून फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण माझ्या फ्लॅटचा सौदा होईपर्यंत राहू द्या तो कागद. फार तर फार महिना."

"तोवर कुणी नळाचं प्यायलं तर?"

"इथे सगळ्यांकडे मशीनं आहेत. नळाचं पीत होत्या त्या तुमच्या ताईच."

जिन्यात मी भेटेल त्याला सांगू लागलो, पाणी उकळा, अहवाल खोटा आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "प्रोफेसर, आधी काय ते एकदा ठरवा हो." आणि लिफ्टचं दार लावून घेतलं.

ताईला हॉस्पिटलात बरेच दिवस काढावे लागले. एकदा तर डॉक्टरांनी मला पुन्हा बाजूला घेतलं, आणि मी बाकावर बसून देवाशी असले करार केले की ते इथे सांगायची लाज वाटते. त्यातून ती वाचली. शाळेने गणवेशाची ऑर्डर दुसऱ्या शिंप्याला दिली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी बघू हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही.

तिचा ताप पूर्ण उतरला त्या दुपारी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. ती इतकी बारीक झाली होती की हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "पाणी दे रे."

मी उठलो. कोपऱ्यात हॉस्पिटलचं उकळून गार केलेलं पाणी झाकणाच्या भांड्यात होतं. ग्लास विसळला, उकळलेल्यानेच विसळला, ओगराळ्याने पाणी काढलं, आत बोट जाऊ दिलं नाही, आणि तिच्यापुढे धरला. ताईने ग्लास घेण्यासाठी हात पुढे केला. मग तो तसाच थांबला.

"कुणी भरला?" तिने विचारलं.

"मी."

"मग राहू दे," ताई म्हणाली आणि हात पांघरुणात घेतला. "सिस्टर येतील आता. त्यांच्या हातून पिते."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं. मी ग्लास हातात घेऊन उभा राहिलो. सवयीने उजेडात धरून बघितला. पाणी अगदी नितळ होतं. सकाळपासून माझ्या पोटातही पाण्याचा थेंब नव्हता, घसा सुकला होता. पण मीही ते प्यायलो नाही. सिस्टरांची वाट बघत बसलो.